सारमानस ते सुर्ल : जुन्या खाणींच्या खुणा बघत नदीकाठाने



आपल्या पेजवर एरवी डिझेलचा कोटा, अनुदानाचे फॉर्म, हवामानाचा इशारा, सभेची सूचना असंच असतं. आज जरा लांबलचक लिहितोय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्याच मांडवी नदीचा आहे. आणि जे वाचाल त्यातलं थोडं काम तुम्हालाच करायचं आहे.

पावसाळा सरल्यावर, माती थोडी सुकली की, सारमानसच्या फेरी धक्क्यावरून वरच्या बाजूला आमोणे, नावेली, सुर्ल असं काठाकाठाने एकदा चालून बघा. सगळीकडे सलग वाट मिळणार नाही. काही ठिकाणी बांध तुटलेला आहे, कुठे उपनदी आडवी येते, कुठे खासगी जागा लागते. तिथे रस्त्याने वळसा घालायचा, लागलं तर स्कूटर काढायची. पण जमेल तेवढं पायी चालायचं आणि ओहोटीच्या वेळी चालायचं. भरतीच्या वेळी पाणी सगळं झाकून टाकतं. ओहोटीला नदी आपलं पोट उघडं करून दाखवते, आणि आपल्याला तेच बघायचं आहे.

आपण नदीवर रोज असतो, मग चालून काय नवीन बघायचं, असं काही जण म्हणतील. होडीतून आपलं लक्ष जाळ्यावर असतं, पाण्याच्या ओढीवर असतं. काठावर काय आहे ते होडीतून नीट दिसत नाही. चालताना दिसतं.

धक्के नि बार्ज

सारमानस हा पिळगावचा भाग. पलीकडे टोक. मध्ये नदी परिवहन खात्याची फेरी. गावाच्या नावातच मानस ऐकू येते, म्हणजे खाजनाच्या बांधाला बसवलेला पाण्याचा दरवाजा. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत हे नाव लोकांच्या तोंडी राहिलं ते खनिजाच्या लोडिंगमुळे. डिचोली भागातल्या खाणींचा माल ट्रकने इथे यायचा, ढीग व्हायचा आणि बार्जमध्ये भरून खाली मुरगाव बंदराकडे जायचा. वर आमोणे, नावेली, सुर्ल, पलीकडे उसगाव, अशी सगळीकडे नदीकाठी लोडिंगची ठिकाणं होती. झुआरीवर सावर्डे, कुडचडे, शेळवण भागात तसंच.

काठाने चालताना हे धक्के ओळखायला त्रास पडत नाही. जमीन लाल नाही तर काळपट-जांभळी दिसते, पायाखाली भुकटी लागते, चपलेला चिकटते नि धुतली तरी लवकर जात नाही. काँक्रीटच्या भिंती, गंजलेले लोखंडी खांब, बार्ज बांधायचे खुंट. काही ठिकाणी पिंपळ भिंतीतून वर आलेला आहे. मधल्या बंदीच्या काळात कित्येक बार्ज वर्षानुवर्षं एकाच जागी बांधून पडल्या. पत्रा कुजला, तळाला भोकं पडली, काही विकून भंगारात गेल्या.

एका बार्जचा हिशोब डोक्यात ठेवून पुढे चला. आपल्या नदीतली मधल्या आकाराची बार्ज साधारण १५०० टन माल घ्यायची. दहा टनी ट्रक धरला तर एका बार्जला १५० ट्रक लागले. आणि आपल्याकडच्या खाणींत एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती नि जांभा दगड बाजूला काढावा लागतो. म्हणजे १५०० टनांची एक बार्ज खाली गेली की मागे डोंगरावर पावणेचार ते साडेचार हजार टन मातीचा ढीग वाढला. बार्ज मुरगावला जाऊन रिकामी झाली नि माल चीनला, जपानला गेला. ढीग मात्र आपल्याकडेच राहिला. पावसाळ्यात पाणी त्या ढिगावरूनच नदीत येतं.

हे सगळं सुरू झालं कसं नि थांबलं कसं

तरुण सभासदांसाठी थोडा इतिहास सांगतो, कारण मोठ्यांच्या बोलण्यात सालं एकमेकांत मिसळतात.

पोर्तुगीज काळात खाणींचे परवाने कायमस्वरूपी दिले जायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलाद कारखान्यांसाठी खनिज हवं होतं. १९५० च्या दशकात आपल्याकडून निर्यात वाढत गेली. आधी कुदळ, पाटी नि डोक्यावरची टोपली होती. मग यंत्रं आली. मुक्तीनंतरही ते परवाने चालूच राहिले. १९८७ च्या केंद्राच्या कायद्याने ते परवाने रद्द करून त्यांचे खाण पट्टे, म्हणजे लीज, केले.

२००५ च्या आसपास चीनची मागणी इतकी वाढली की आधी टाकून दिलेला हलक्या दर्जाचा मालही विकला जाऊ लागला. जुने डंप पुन्हा उकरले गेले. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज निर्यात झालं, त्यात शेजारच्या कर्नाटकातला मालही होता. त्या वर्षांत रात्री नदीत जाळं घालणारे सांगतात की एक बार्ज गेली की दुसरीचा दिवा दिसायचा.

मग न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हे सगळे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादाही घातली. पुढे ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण झालं, ते फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने रद्द केलं आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा थांबलं. नंतर लिलावाची पद्धत आली. लिलावात गेलेल्या डिचोली ब्लॉकमध्ये २०२४ मध्ये काम पुन्हा सुरू झालं. बाकीचे ब्लॉकही एकामागून एक त्याच वाटेवर आहेत.

म्हणूनच मी याला खाणींचे अवशेष म्हणत असलो तरी हे देवळाच्या पडक्या भिंतीसारखे अवशेष नव्हेत. हे धक्के पुन्हा साफ होतील, बार्ज रंगवल्या जातील. दोन भरतींमधल्या ओहोटीसारखा हा मधला वेळ आहे. या वेळात आपण काय करून ठेवतो याला महत्त्व आहे.

चिखलाखाली काय गेलं

सारमानसहून थोडं वर गेल्यावर ओहोटीला काठाची पुळण उघडी पडते. तिथे खाली उतरून हात घालून बघा. वर मऊ चिखलाचा थर लागतो. खाली कुठे रेती, कुठे जुन्या शिंपल्यांचा थर. हे शिंपले खुब्यांचे नि तिसऱ्यांचे. आपल्या आयांनी नि आज्यांनी गुडघाभर पाण्यात बसून पायाने चाचपून जे खुबे काढले, घरी खाल्ले नि बाजारात विकले, ते अशा जागांवरचे. त्यासाठी होडी लागत नव्हती, जाळं लागत नव्हतं, कर्ज लागत नव्हतं. एक टोपली नि ओहोटीची वेळ माहीत असली की पुरे. घरातल्या बाईच्या स्वतःच्या हातातला तो पैसा होता.

खुब्याला पळता येत नाही. मासा गढूळ पाणी आलं की दुसरीकडे जातो, खुबा जिथे आहे तिथेच बसून पाणी आत घेतो, गाळतो नि त्यातलं खातो. पाण्यात बारीक माती जास्त झाली की त्याचं गाळणं बंद पडतं. वरून थर बसला की तो गुदमरतो. लहान पिल्लाला तर बसायला घट्ट तळच मिळत नाही.

हे फक्त आपलं म्हणणं नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. ए. एच. परुळेकर नि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या खाड्यांतल्या खुब्या-तिसऱ्यांवर नि तळातल्या जिवांवर खाणींचा काय परिणाम झाला याचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. आधीच्या मोजणीशी तुलना करून त्यांनी लिहिलं की शिंपल्यांचं उत्पादन ७० टक्क्यांहून जास्त घटलं. त्यांनी दिलेलं कारण चिखलाचा थर, पाण्यातला वाढलेला गाळ आणि कमी झालेला प्राणवायू असं होतं. हा अभ्यास चीनची तेजी यायच्या वीस वर्षं आधीचा आहे, हेही ध्यानात घ्या.

त्यांना हे लिहिता आलं, कारण त्यांच्याकडे आधीची मोजणी होती. तळाला किती जीव होते याचा आकडा कागदावर होता म्हणून किती कमी झाले ते सांगता आलं. आपल्याकडे जाणकार माणसं भरपूर आहेत, कुठल्या वळणावर काय मिळायचं हे तोंडपाठ सांगणारी. पण कागद नाही. ही गोष्ट मी पुढे परत काढणार आहे.

काळुंदराचंही असंच. काळुंदर आपली अंडी पाण्याखालच्या दगडाला, काठीला, मुळाला चिकटवतं आणि नर-मादी दोघं राखण करतात, पंखांनी पाणी हलवत राहतात. दगडावर गाळाचा लेप बसला तर अंडी धरायला जागा राहत नाही, धरली तर झाकली जातात. शेवटे, चणक, सुंगटं यांची पिल्लं समुद्रातून नदीत येतात ती काठच्या कांदळवनात वाढायला. मुळांमधल्या गाळात त्यांचं खाणं असतं. थोडा गाळ कांदळवन धरून ठेवतं, त्यानेच काठ वाढतो. पण डोंगर उतरून आला तर कांदळवन तरी किती धरणार?

मानस, खाजन नि बार्जची लाट

पिळगावच्या बाजूला बांधावरून चालताना एका हाताला नदी नि दुसऱ्या हाताला खाजन. हा बांध नि ही मानस आपल्या पूर्वजांनी चिखल, गवत, जांभा दगड नि लाकूड यांतून उभी केलेली. भरतीचं खारं पाणी दरवाजाला बाहेरून ढकलतं नि दरवाजा बंद होतो. ओहोटीला आतलं पाणी दरवाजा उघडून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. भात आत, मासा मानशीच्या तोंडाशी. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. शेतकरी नि मासे मारणारा एकाच दरवाजावर अवलंबून होते, त्यामुळे भांडले तरी दरवाजा दोघांनीही सांभाळला.

बार्जच्या काळात या बांधांना दोन बाजूंनी मार बसला. जड बार्ज अरुंद जागेतून गेली की तिची लाट काठावर आदळते. दिवसाला कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. बांधाचा पाया त्याने सुटतो. दुसऱ्या बाजूने डोंगरावरून ओढ्यातून लाल पाणी खाजनात येतं नि गाळ बसून शेत वर येतं, मग पाणी नीट फिरत नाही. शेत पडीक पडलं की बांधाकडे कोणी बघत नाही. बांध फुटला की खारं पाणी आत कायमचं शिरतं, कांदळ उगवतं. लोक म्हणतात, चांगलंच की, मासे वाढतील. काही दिवस वाढतातही. पण मानशीची पावणी गेली, तिचा पैसा गेला, नि दोन कुटुंबं जोडणारा दरवाजाही गेला.

बार्जने जाळं तोडल्याची गोष्ट माहीत नाही असं घर आपल्यात विरळाच. खुंट रोवून लावलेलं जाळं रात्री बार्जच्या पंख्यात जायचं. सकाळी अर्धं जाळं नि मोडलेले खुंट. कुठल्या बार्जने नेलं हे अंधारात कळायचं नाही. तक्रार करायला गेलं की विचारायचे, जाळं तिथे होतं याचा पुरावा काय, परवाना कुठे, खुंट नेमका कुठे होता. पावसात मांडवीच्या तोंडाची रेतीची पट्टी ओलांडणं धोक्याचं असल्यामुळे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत जायच्या. तिथे पात्र अरुंद, त्यामुळे तिथल्या मच्छीमारांना पावसाळ्यातही उसंत नव्हती.

डंपवर उगवलेलं हिरवं

आमोण्याच्या पुढे नावेली-सुर्लच्या दिशेने गेलात की डोंगरांची रेघ बदलते. देवाने केलेल्या डोंगराचा माथा आपल्याकडे सपाट सड्याचा असतो, उतार मोकळे असतात. डंपचा माथाही सपाट असतो, पण उतार एकसारखे, पायऱ्या कापलेले. नीट बघितलं की फरक कळतो. बऱ्याच डंपांवर आता ऑस्ट्रेलियन अकेशिया उभी आहे. लांबून छान हिरवं दिसतं. अकेशिया लवकर वाढते, मुळांनी थोडी माती धरते, म्हणून लावली गेली. पण तिच्याखाली दुसरं फारसं उगवत नाही. जिथे झाडं नाहीत तिथे पावसाच्या पाण्याने खोल घळी पडलेल्या आहेत. घळीचं तोंड ओढ्याकडे, ओढ्याचं तोंड नदीकडे.

पायथ्याला कुठे कुठे दगडांची रांग नि खड्डे दिसतील. पाणी नदीत जाण्याआधी अडवून गाळ खाली बसवायला ते केलेले असतात. काम साधं आहे. वाहतं पाणी थांबलं की जड माती खाली बसते नि वरचं बऱ्यापैकी साफ पाणी पुढे जातं. पण खड्डा गाळाने भरला की तो खड्डा राहत नाही. दर वर्षी पावसाआधी उपसला तरच उपयोग. खाण बंद पडली की उपसणारंही कोणी राहत नाही, डंप मात्र तिथेच असतो. म्हणून खाण बंद म्हणजे नदी सुटली असं समजू नका. बंदीच्या काळातही जोराच्या पावसात पाणी लाल झालेलं आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

खड्ड्यातलं पाणी

सुर्ल-पाळे भागात नि डिचोली-शिरगाव पट्ट्यात जुन्या खाणींचे खड्डे आज तळी झालेली आहेत. पाणी हिरवट-निळं, स्थिर. फोटोला सुंदर. पोरं रील काढायला जातात. खाणी विहिरींच्या पाण्याच्या पातळीखाली खणल्या गेल्या, त्यामुळे काम चालू असताना दिवसरात्र पंप लावून पाणी बाहेर काढावं लागायचं. आसपासच्या विहिरी नि झरे आटले ते त्यामुळे. पंप थांबले तसं जमिनीतलं पाणी परत येऊन खड्डा भरला.

इथे एक सूचना, नि ही गंभीरपणे घ्या. या खड्ड्यांत उतरू नका, पोरांना पोहायला किंवा गरी टाकायला जाऊ देऊ नका. नदीत उथळ काठ लागतो, इथे लागत नाही. पायरी संपली की सरळ खोल. कडेची माती सैल असते, वजन पडलं की सुटते. नदीवर वाढलेल्या आपल्या पोरांना पाण्याची भीती नसते, म्हणून त्यांनाच जास्त सांगायला पाहिजे. लांबून बघा नि मागे फिरा.

खाणीने आपल्याला दिलंही

एकाच बाजूचं लिहून मोकळं होणं बरोबर नाही. आपल्याच संस्थेत अशी घरं आहेत जिथे एक भाऊ जाळ्यावर नि दुसरा बार्जवर खलाशी होता. नदी माहीत असलेला माणूस बार्जला हवाच असायचा. कुठे उथळ, कुठे वळणाला पाणी ओढतं, हे आपल्याच लोकांना ठाऊक. तांडेल झालेले आहेत, इंजिनवर काम केलेले आहेत. कोणी ट्रक घेतला, कोणी गॅरेज घातलं, कोणी धक्क्यावर चहा-भजीचं दुकान काढलं. महिन्याच्या ठराविक पगारावर पोरांची शिक्षणं झाली. मासळीच्या धंद्यात ठराविक असं काही नसतं.

२०१२ मध्ये सगळं एका दिवसात थांबलं तेव्हा हप्ते थांबले नाहीत. बार्जवरून उतरलेले बरेच जण परत नदीकडे आले. जाळी वाढली, नदी मात्र तेवढीच. त्या वर्षांत आपसात वाद झाले ते यातूनच. म्हणून खाण हवी की नको या वादात मी इथे शिरत नाही. ज्याच्या घरात जसा अनुभव तसं त्याचं मत, आणि ते मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे.

पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत व्हायला हरकत नाही. खाण चालू असताना टन मोजले जातात, फेऱ्या मोजल्या जातात, रॉयल्टी मोजली जाते. नदीतून निघणारी मासळी, खुबे, मानशीवरची सुंगटं कोणी मोजत नाही. जे मोजलं जात नाही त्याचं नुकसानही होत नाही, असं कागद समजतो. हिशोबाच्या टेबलावर आपली बाजू रिकामी असते ती आपण भरायला पाहिजे.

कागद कुठे उपयोगी पडतो

दोन ठिकाणं सांगतो.

पहिलं, जनसुनावणी. मोठ्या खाणीला पर्यावरण दाखला देण्याआधी २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून सुनावणी होते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात येते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. तोंडी बोलता येतं, लेखीही देता येतं. तिथे "आमची मासळी गेली" एवढं म्हणून खाली बसलं तर ते एक वाक्य म्हणून नोंदलं जातं. पण "अमुक वळणावर आमच्या सभासदांची इतकी जाळी आहेत, हे त्यांचे परवाने, इथे खुब्याची जागा आहे, ओहोटीला इतकी खोली आहे, हे तारखेसह फोटो" असं दिलं तर कोणाला तरी त्याचं उत्तर लिहावं लागतं.

दुसरं, जिल्हा खनिज फाउंडेशन. २०१५ पासून खाणवाल्यांना रॉयल्टीवर ठराविक हिस्सा या निधीत भरावा लागतो. लिलावात दिलेल्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या १० टक्के, जुन्यांना ३० टक्के. उत्तर नि दक्षिण गोव्याचा निधी वेगवेगळा. तो खाणीमुळे बाधित लोकांसाठी आहे. खाणीमुळे पाण्याची प्रत बिघडली, ओढ्या-नद्यांचा प्रवाह कमी झाला अशा भागांचाही विचार त्याच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणजे नदीत खाली राहणाऱ्याला दार बंद नाही. पण बाधित आहोत हे दाखवावं लागतं.

करायचं काय

काम फार नाही. शाळेच्या एका वहीत होईल.

१. आपली होडी नि जाळी यांची नोंदणी, परवाना मच्छीमार खात्याकडे चालू आहे का बघा. मुदत संपली असेल तर कार्यालयात या, फॉर्म आपण भरून देऊ. खुंटावरच्या जाळ्यांचं तर आधी करा.

२. आपली जाळ्याची जागा मोबाइलच्या नकाशावर खूण करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. एक फोटो काठावरचं झाड, धक्का किंवा देऊळ मागे दिसेल असा काढा.

३. खोली मोजायला दोरीला शिसं बांधा नि दर हाताला गाठ मारा. महिन्यातून एकदा, अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला, एकाच जागी मोजा. तारीख, वेळ, हात लिहा. दोन-तीन वर्षांत नदी भरतेय की नाही ते वहीच सांगेल.

४. पाण्यातला गाळ बघायला पारदर्शक बाटली पुरते. नदीचं पाणी भरा, एक दिवस न हलवता ठेवा, तळाला किती थर बसला तो पट्टीने मोजा नि लिहा. बाटली दर वेळी सारखीच घ्या. पहिल्या मोठ्या पावसानंतरचं माप चुकवू नका.

५. घरातल्या बायकांना विचारून खुब्या-तिसऱ्यांच्या जागा लिहून घ्या. कुठे मिळतात, कुठे मिळायच्या, कुठल्या महिन्यात. ही माहिती पुरुषांकडे अर्धीच असते.

६. रोजची मासळी किलोत नाही जमली तर टोपलीत लिहा. पण लिहा. मिळाली नाही त्या दिवशी शून्य लिहा. शून्यही आकडा आहे.

७. मानशी नि बांध कुठे चांगले, कुठे फुटलेले, याचा फोटो. शेतकरी मंडळींना बरोबर घ्या, त्यांचंही हेच दुखणं आहे.

वह्या संस्थेच्या कार्यालयात मिळतील. भरलेल्या वहीची झेरॉक्स कार्यालयात राहील, मूळ वही तुमच्याकडेच राहील. यातलं काही कोणा खात्याला किंवा सुनावणीला द्यायचं झालं तर आधी सभेत ठरवून, तुमची सही घेऊनच दिलं जाईल. आपली चांगली जागा दुसऱ्याला कळेल ही भीती असते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

चालायला जाताना एकटे जाऊ नका. घरातलं जाणकार माणूस नि घरातलं शिकणारं पोर, असे दोघं बरोबर न्या. काका-आजोबांना जागा माहीत आहेत, पोराला मोबाइल माहीत आहे. पाणी, टोपी न्या, ओहोटीची वेळ बघून निघा. कोणाच्या कुंपणात शिरू नका. चालू कामाच्या ठिकाणी ट्रक असतात, तिथे रस्त्याच्या कडेने चला.

पहिल्या वह्यांची तपासणी पुढच्या मासिक सभेत करू. ज्यांचे फोटो तारखेसह आहेत त्यांनी ते सचिवाकडे पाठवावेत, खाली कमेंटमध्ये जागांची नावं टाकू नयेत.

आपला,
सचिव